परमुलखाचा सुवास आणि घरचे पाणी

जालना रस्त्याच्या अंगाला वसलेले मुकुंदवाडी हे एके काळचे स्वतंत्र खेडे आता छत्रपती संभाजीनगराच्या पोटात इतके विरून गेले आहे की, एका बाजूस सिडकोच्या वसाहती, दुसऱ्या बाजूस चिकलठाण्याचे कारखाने व विमानतळ आणि गावालगतचा लोहमार्ग, एवढ्या खुणांवरून जुन्या गावाची शीव कोठे होती हे नवख्यास सांगणे कठीण जावे. या मुकुंदवाडीच्या थांब्यावर २०१९ साली, पावसाने ओढ दिली असता, शाळकरी मुले रिकामे डबे व घागरी घेऊन गाडीत चढत, शहराच्या मुख्य स्थानकावर पाणी भरीत आणि परतीच्या गाडीने ते घरी आणीत. त्या मुलांची छायाचित्रे त्या वर्षी जगभर छापली गेली. याच शहराच्या दुसऱ्या टोकास, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, देशातील बीअरनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र आहे आणि राज्याच्या उत्पादन शुल्काच्या महसुलात या जिल्ह्याचा वाटा फार मोठा आहे. मुकुंदवाडीत राहणाऱ्या माणसाने बीअरचा विचार करावयाचे ठरविले, तर त्याला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवूनच तो करावा लागतो.

बीअर ही मुळात चार पदार्थांची वस्तू : पाणी, मोड आणून भट्टीत वाळविलेला सातू म्हणजे माल्ट, हॉपची फुले आणि किण्व. वाळूजला तयार होणाऱ्या बाटलीतील सातू राजस्थान-हरियाणाच्या बाजूने येतो. किण्वाची बीजे कारखानदारांच्या प्रयोगशाळांतून जपली जातात. हॉप जवळजवळ सर्वस्वी परमुलखातून आयात होतो. आणि जे गोदावरीच्या खोऱ्याचे म्हणता येईल असे त्या बाटलीत एकच द्रव्य उरते, ते म्हणजे पाणी. एखाद्या पेयास स्थानाचा गुण कशाने येतो, परंपरागत हॉपला युरोपात जे स्थानमाहात्म्य प्राप्त झाले त्याचे मर्म काय, आणि तसे काही आपल्या मुलखात संभवते काय, हा प्रश्न मला बरीच वर्षे महत्त्वाचा वाटत आला आहे, व त्याच्या सर्व अंगांचा आढावा येथे घेण्याचे योजिले आहे.

प्रथम हॉपविषयी. हा भांगेच्या कुळातील वेल असून त्याचे नर व मादी वेल भिन्न असतात. मळ्यात लावतात ते मादी वेल. सात मीटर उंचीच्या खांबांना ताणलेल्या तारांवर ते चढतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांना कागदी पाकळ्यांच्या लहानशा शंकूंसारखी फुले येतात. या पाकळ्यांच्या मुळाशी पिवळ्या धुळीसारखी राळ असते व तिच्यातच सर्व गुण साठविलेला असतो. माल्टाचा गोड काढा उकळत असता त्यात ही फुले टाकली म्हणजे राळेतील आम्लांचे रूपांतर होऊन काढ्यास कडवटपणा येतो, आणि तो कडवटपणा माल्टाची गोडी तोलून धरतो इतकेच नव्हे, तर पेय नासविणाऱ्या कित्येक जीवाणूंना अटकावही करतो. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या विदुषी जोगिणीने हॉपच्या या टिकाऊपणाच्या गुणाची नोंद केली आहे. त्यापूर्वी व त्यानंतरही बराच काळ युरोपात रानातल्या नाना कडू-सुगंधी वनस्पतींचे मिश्रण बीअरमध्ये घालीत. बव्हेरियाच्या ड्यूकने १५१६ साली जो हुकूम काढला त्यात सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज अन्य काही घालण्यास मनाई केली, आणि किण्वाचा उल्लेख त्यात नाही; त्या काळी किण्वाचे खरे स्वरूप कोणास ठाऊक नव्हते.

आपल्याकडेही ही दृष्टी अपरिचित नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नामक अधिकाऱ्याच्या कर्तव्यांचे जे प्रकरण आहे, त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय यांच्या कृती दिल्या आहेत. किण्व हा शब्दही तेथलाच. मैरेयासाठी मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी व मिरी सांगितली आहे. गोड द्रव आंबवावयाचा आणि तुरट-तिखट वनस्पतीने त्यास वळण लावावयाचे, ही कल्पना या भूमीत दोन सहस्र वर्षांची जुनी आहे. हॉप मात्र तेव्हा येथे नव्हता.

आता ज्याला परंपरागत वाण म्हणतात त्याकडे वळू. अशा वाणांत इंग्लंडच्या केंट परगण्यातील गोल्डिंग, बव्हेरियातील हालरटाऊचा मिटेलफ्रूह आणि बोहेमियातील झातेत्सचा वाण हे विशेष मान्यता पावलेले आहेत. यांपैकी झातेत्सचा, व्यापारात ज्याला त्या गावाच्या जर्मन नावावरून ‘साझ’ म्हणतात तो, माझ्या मते या सर्व प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. त्याचे संपूर्ण चेक नाव आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर ‘झातेत्सचा निमगरवा तांबडा’ असे होईल. कारण तो हळवाही नाही आणि गरवाही नाही, आणि त्याच्या वेलाचा देठ तांबूस असतो. त्याचा कडवटपणा सौम्य. राळेतील कडू आम्लाचे प्रमाण शेकडा तीन ते साडेचारच्या आसपास. सुवास मात्र असा की, मातीचा, गवताचा आणि फुलांचा गंध मंदपणे एकत्र यावा. १८४२ साली प्ल्झेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने मऊ पाणी, फिकट माल्ट आणि हा हॉप एकत्र आणून जी सोनेरी, नितळ बीअर केली, तिच्यापासूनच आजच्या जगातील बहुसंख्य फिकट बीअरचा वंश सुरू होतो. त्यापूर्वी चार वर्षे त्याच शहरच्या नागरिकांनी बिघडलेल्या बीअरची छत्तीस पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली होती. नवी बीअर हे त्या संतापाचेच फळ होय. वाळूजच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फिकट लागर ही त्या प्ल्झेनच्या बीअरची दूरची, पुष्कळ पालटलेली, परंतु निःसंशय वंशज आहे.

झातेत्सविषयी एक गोष्ट वाचताना मला थबकल्यासारखे झाले. हा प्रदेश क्रुश्ने पर्वतांच्या पर्जन्यछायेत असून तेथे वर्षास जेमतेम साडेचारशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपला मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. म्हणजे ज्या मुलखाने जगाला बीअरचा सर्वांत नाजूक सुवास दिला, तोही आपल्यासारखाच ढगांची वाट पाहणारा मुलूख आहे. फरक असा की, तेथील शेतकऱ्याने, संशोधकाने आणि राज्यसत्तेने त्या एका वेलाच्या रक्षणार्थ पिढ्यान्‌पिढ्या श्रम केले. कारेल ओस्वाल्ड या संशोधकाने १९२७ पासून मळ्यांतील जुन्या वेलांमधून उत्तम वेल निवडून त्यांची कलमे वाढविली, आणि त्याच्या ३१, ७२ व ११४ या क्रमांकांच्या निवडींवरच पुढे साझचे मळे उभे राहिले. २००७ साली युरोपीय संघाने झातेत्सच्या हॉपला उत्पत्तिस्थानाचे संरक्षण दिले. २०२३ मध्ये युनेस्कोने झातेत्स व तेथील हॉपचा भूप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. आपल्याकडे मोहोळच्या केंद्रात निवडलेल्या मालदांडी ३५-१ ज्वारीची कथा याच जातीची आहे; आणि पैठणी, मराठवाड्याचा केशर आंबा, जालन्याची मोसंबी, मंगळवेढ्याची ज्वारी यांना मिळालेले भौगोलिक मानांकन हे झातेत्सच्या संरक्षणाचेच भावंड. तेव्हा भूमी आणि वस्तू यांचे नाते कायद्याने मान्य करण्याची कल्पना आपल्याला परकी नाही.

भारताशी हॉपचा पहिला मोठा संबंध आला तो समुद्रमार्गे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या हॉजसनच्या भट्टीतून ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांवर जी पेल एल हिंदुस्थानास येई, तीत हॉपचे प्रमाण भरपूर असे व पिंपातही कोरडा हॉप घालीत. आफ्रिकेला वळसा घालून मुंबईस पोचावयास कित्येक महिने लागत, आणि विषुववृत्त दोनदा ओलांडूनही जी बीअर टिकावयाची तिला हॉपचे कवच हवे होते. १८२० नंतर बर्टनच्या भट्ट्यांनी या व्यापारात उडी घेतली. पुढे हिमालयात कसौलीस व मरीस भट्ट्या निघाल्या, आणि त्यांच्यासाठी हॉप येथेच पिकविण्याचे यत्न झाले. काश्मीर दरबाराने सोपोरनजीक डुबगाम येथे हॉपचा बाग लावला होता, व त्याचे वर्णन वॉल्टर लॉरेन्सच्या १८९५ सालच्या ग्रंथात आहे. स्वातंत्र्यानंतर, सत्तरीच्या दशकात, हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात क्लस्टर वर्गातील वाणांची लागवड झाली आणि काही वर्षे त्या खोऱ्यातील कुटुंबांना तिने चांगला पैसा दिला. परंतु आयात हॉप स्वस्त पडू लागला, कारखानदारांची मागणी ओसरली आणि शेतकरी बटाटा, वाटाणा व फुलकोबीकडे वळले. लाहौलच्या शेतकऱ्यांनी दीर्घकाळ जपलेल्या या पिकाची अशी उपेक्षा व्हावी, ही मला राष्ट्रीय हानी वाटते. देशात एवढी बीअर निर्माण होत असता तिच्यासाठी देशाच्या एकमेव समर्थ हॉप-खोऱ्याला हमीचा ग्राहक मिळू नये, हे नियोजनाचे अपयश आहे.

मराठवाड्यात हॉप पिकेल काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर दिनमानात आहे. हॉपचा वेल उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांच्या दिवसाची अपेक्षा करतो व दिवस आखूड होऊ लागले म्हणजे फुलावर येतो. झातेत्स पन्नासाव्या अक्षांशावर असल्याने तेथे जूनमधील दिवस सोळा तासांहून मोठा असतो. आपले शहर विसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली, येथील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. इतक्या आखूड दिवसांत वेल पुरा वाढण्यापूर्वीच फुलू पाहतो आणि उत्पन्न खुंटते. हिवाळ्याची थंडी त्याला अपरिहार्य आहे असे फार काळ मानले जाई, परंतु अलीकडच्या प्रयोगांनी ही समजूत डळमळीत केली आहे. ब्राझीलमध्ये तर रात्री विजेचे दिवे लावून दिवस लांबवितात व हॉप काढतात. तंत्रदृष्ट्या अशक्य काही नाही. परंतु जेथे जायकवाडी धरणाच्या प्रत्येक थेंबावर पिण्याचा, शेतीचा आणि कारखान्याचा असे तीन हक्क एकाच वेळी सांगितले जातात, तेथे तारांच्या मांडवावर सात मीटर चढणाऱ्या पाणलोभी वेलाला रात्रभर दिव्याखाली जागवावे, हे मला विवेकाचे वाटत नाही.

मग येथील कारखान्यांत हॉप कसा येतो? बहुधा दाबून केलेल्या गोळ्यांच्या किंवा अर्काच्या रूपाने, हवाबंद थैल्यांतून, थंड कोठारांत. मोठ्या कारखान्यांना कडवटपणा हवा असतो तो प्रमाणबद्ध व स्वस्त. म्हणून ज्यांत कडू आम्ल शेकडा बारा-चौदा वा अधिक असते अशा आधुनिक वाणांचा अर्क त्यांच्या उपयोगी पडतो. साझचे उत्पन्न हेक्टरी सुमारे एक टन, आणि कडवटपणा त्या वाणांच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचा. केवळ हिशेबाने पाहिले तर तो महाग ठरणारच. त्यातून आपल्याकडील बहुतांश खप तीव्र बीअरचा, ज्यात मद्यार्क शेकडा पाचाहून अधिक असतो आणि हॉपचा नाजूक गंध त्यापुढे बहुधा दबून जातो. जागतिक व्यापाराचे एकत्रीकरण हाही एक प्रवाह येथे दिसतो : फॉस्टर्सने या शहरात जो कारखाना काढला तो २००६ साली सॅबमिलरकडे गेला आणि सॅबमिलर २०१६ मध्ये बेल्जियन-ब्राझिलियन मुळाच्या महाकंपनीत विलीन झाली, युनायटेड ब्रुअरीजचे नियंत्रण २०२१ साली डच हायनेकेनच्या हाती आले, कार्ल्सबर्गचाही येथे कारखाना आहे. अशा व्यवस्थेत चव ही दूरच्या कार्यालयात ठरते, व शेंद्रा, वाळूज, तळोजा यांपैकी बाटली कोठे भरली हे पिणाऱ्यास चवीवरून ओळखता येऊ नये, हेच त्या व्यवस्थेचे कौशल्य मानले जाते.

याला छेद देणारा प्रवाह महाराष्ट्रात आला तो पुण्यात. २००९ साली ‘डूलाली’ या नावाने तेथे लहान प्रमाणावरील भट्टी सुरू झाली आणि पाठोपाठ इतरही निघाल्या. त्यांनी गव्हाची बीअर, फळांची, मसाल्याची बीअर असे नाना प्रयोग केले व हॉपच्या वाणांची नावे मराठी तरुणांच्या बोलण्यात आणली. हॉप अर्थात परदेशीच राहिला. तथापि या लहान भट्ट्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली, ती ही की, वाणाचा विचार करून, ताजेपणा राखून केलेली बीअर येथे ग्राहक ओळखतो. साझसारखा वाण ज्याला वापरावयाचा असेल त्याने तो सौम्य, मंद किण्वनाच्या, आणि दोन-तीन आठवड्यांत संपणाऱ्या बीअरमध्ये वापरावा. उन्हात उभ्या केलेल्या पेट्यांतून महिनोन्‌महिने फिरणाऱ्या बाटलीत त्याचा सुवास टिकत नाही, कारण उष्णतेने तो उडून जातो आणि प्रकाशाने हॉपचीच द्रव्ये दुर्गंधी धारण करतात. बीअरची बाटली तपकिरी असते ती याचसाठी.

येथवर सुवासाचे झाले. आता पाण्याचे, आणि येथे मला थोडे अधिक थांबले पाहिजे.

या शहराचा सारा इतिहास पाण्याच्या शोधाचा आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी खडकी या नावाने हे शहर वसविले ते डोंगरांतील पाणी खापरी नळांनी व भूमिगत नहरींनी शहरात खेळवूनच. पाणचक्कीचा हौद आजही त्या बुद्धीची साक्ष देतो. आधुनिक शहराची मदार पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली लालबहादुर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ साली धरण राष्ट्रास अर्पण झाले, आणि त्याचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर धरला जातो. परंतु वरच्या अंगास नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे झाली, नाथसागर पुरा भरण्याची वर्षे विरळ झाली, आणि समन्यायी पाणीवाटपाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. एक लिटर बीअरसाठी कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागते. उत्तम कारखाने त्याहून कमीत भागवितात. शहराच्या व शेतीच्या एकंदर गरजेपुढे हा आकडा लहान आहे, हे कारखानदारांचे म्हणणे गणिताने खरे आहे, आणि ते मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. उसाला लागणाऱ्या पाण्यापुढे तर तो फारच लहान. तरीही एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागत असता, उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात प्रथम ५० टक्के व १० मेपासून ६० टक्के कपात करण्याचा जो आदेश दिला, तो मला न्याय्य वाटतो; कारण टंचाईच्या काळी प्रश्न केवळ किती पाण्याचा नसून कोणत्या कामाच्या पाण्याचा असतो, आणि ज्याच्या घरी घागर रिकामी आहे त्याला टक्केवारीचा युक्तिवाद ऐकविण्याचा अधिकार कोणास नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, झातेत्सच्या लोकांनी आपल्या वेलाची जी राखण केली ती या शहराने आपल्या पाण्याची करावयास हवी. प्रत्येक कारखान्याने एका लिटरमागे किती पाणी घेतले आणि किती शुद्ध करून परत वापरले, याचा तपशील दरसाल जाहीर झाला पाहिजे. परवान्याच्या नूतनीकरणाशी तो जोडला पाहिजे. आणि उत्पादन शुल्काच्या रूपाने या जिल्ह्यातून जो महसूल राज्याच्या खजिन्यात जातो, त्याचा निश्चित हिस्सा येथील पाणीवाटपाच्या नळांवर खर्च झाला पाहिजे. पैठणहून नव्या मोठ्या जलवाहिनीचे काम झाले तरी ते पाणी वाडी-वस्तीच्या शेवटच्या नळापर्यंत पोचणे हे वेगळेच काम आहे.

आणि सुवासाचाही मार्ग आहे. ज्वारी ही या मातीची. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून बीअर करण्याची परंपरा फार जुनी आहे. आपल्या घरोघरची ज्वारीची आंबील हेही किण्वनाचेच एक सौम्य रूप. त्यात आंबटपणाची व गंधाची जी जाण आहे ती परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी शक्ती यांसारख्या वाणांच्या बाबतीत माल्टाच्या अंगाने तपासून पाहावी, अशी माझी कळकळीची सूचना आहे. ज्वारीला सातूइतके पाचक द्रव्य नसते, तिचे पिष्ट उच्च तपमानावरच शिजते, टरफल नसल्याने गाळणे कठीण जाते. अडचणी आहेत, पण त्या सोडविण्याजोग्या आहेत. अशा कोरडवाहू धान्याच्या सौम्य बीअरमध्ये लाहौलचा हॉप थोडासा पडला, तर तिच्यात दोन भारतीय पर्जन्यछायांचे पीक एकत्र येईल.

झातेत्सवरही आता संकट आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने असा अंदाज केला आहे की, उष्णता व अवर्षण यांमुळे २०५० पर्यंत युरोपातील परंपरागत हॉपचे उत्पन्न ४ ते १८ टक्क्यांनी आणि त्यातील कडू आम्ल २० ते ३१ टक्क्यांनी घटेल. तेथील शेतकरी मळे नदीकाठी हलवू लागले आहेत, ठिबक सिंचन बसवू लागले आहेत. हे सारे उपाय मराठवाड्याच्या शेतकऱ्यास तोंडपाठ आहेत.

ऑगस्टचा शेवटचा पंधरवडा हा झातेत्सच्या तोडणीचा. तारांवरून अखंड वेल खाली उतरवितात, फुले वेगळी करतात, मंद आचेवर वाळवितात आणि पोत्यांत दाबून भरतात. त्याच पंधरवड्यात इकडे मुकुंदवाडीच्या चहाच्या टपरीवर सकाळचे वर्तमानपत्र उघडले जाते, आणि इतर कोणतीही बातमी वाचण्यापूर्वी नाथसागर किती टक्के भरला हा आकडा मोठ्याने वाचून दाखविला जातो.